जड ओझे आणि हलकी स्लेज: कुत्र्याच्या शरीराच्या दोन रीती

स्थिर उभ्या असलेल्या कुत्र्याचे सुमारे 60 टक्के वजन पुढच्या पायांवर असते. जड ओझे ओढताना मात्र हा तोल मागच्या पायांकडे सरकतो. कुत्रा मान खाली घालतो, छाती जमिनीजवळ आणतो, मागचे पाय पोटाखाली घेऊन नखे रुतवतो आणि मांड्यांच्या जोरावर शरीर पुढे रेटतो. मागचे पाय कंबरेच्या हाडांतून कण्याशी जोडलेले असल्यामुळे हा रेटा थेट धडात पोहोचतो, तर पुढच्या पायांना धडाशी जोडणारा हाडाचा सांधाच नसतो, केवळ स्नायू असतात. सर्वांत कठीण असतो तो पहिला क्षण, कारण थांबलेले ओझे हलवण्यासाठी लागणारे बल ते चालते ठेवण्यापेक्षा जास्त असते. त्यानंतरची पावले आखूड आणि संथ पडतात.

हलकी स्लेज (बर्फावरून घसरत जाणारी बिनचाकी गाडी) वेगाने ओढणारा कुत्रा इतका वाकत नाही. त्याची पाठ बरीच सपाट राहते, ढांगा लांब पडतात आणि दुडक्या चालीत तो ऊर्जा जपून वापरतो. म्हणूनच अवजड मालासाठी थोराड अलास्कन मालाम्यूट आणि वेगासाठी सडपातळ सायबेरियन हस्की या जातींची निवड मला शरीररचनेला धरून वाटते.

ओढण्यासाठी कुत्र्याच्या अंगावर बांधायच्या पट्ट्यांच्या, म्हणजे साजाच्या, बाबतीत तडजोड नको. जड ओझ्यासाठी दोर खालून, मागे आडव्या दांडीला जोडलेला हवा. धावण्यासाठी शेपटीच्या मुळाशी जोडणारा साज पुरतो. दोन्हींत ताण छातीच्या हाडावर यावा, गळ्यावर कधीच नाही.