रात्रीचे पेटके: पायांना ताण द्यावा की मॅग्नेशियम घ्यावे?

झोपेत नकळत पोटऱ्या आवळून पेटके येतात, त्यावर कोणता उपाय करावा, असे आत्याने विचारले. झोपण्यापूर्वी भिंतीला हात टेकून, टाच न उचलता पोटरी हलकेच ताणण्यास खर्च नाही, मात्र ते रोज करावे लागते. मॅग्नेशियमची गोळी घेणे सोपे असले, तरी दरमहा पैसे जातात आणि काहींना जुलाब होतात. परिणामात फरक मोठा आहे: २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील चाचणीत ५५ वर्षांवरील लोकांचे पेटके सहा आठवड्यांच्या ताणाने कमी झाले, तर वयस्कांना मॅग्नेशियमचा म्हणावा तसा उपयोग चाचण्यांत आढळलेला नाही. त्यामुळे वयस्कांनी ताणच निवडावा. गोळीचा विचार रक्तातील मॅग्नेशियम खरोखर कमी असलेल्यांनी करावा, आणि मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती मुळीच घेऊ नये.