बंपरने कात टाकली!

पुढचा बंपर आणि दोन्ही आरशांची कव्हरं घासली गेली होती. पेंटर बोलायला गोड. ‘साहेब, प्लॅस्टिकचा प्रायमर, मग बेस कोट, वरून हार्डनर घातलेलं टू-के क्लिअर. पाच वर्षं बघायला नको.’ टू-के क्लिअर म्हणजे हार्डनर मिसळला की घट्ट होणारा, सगळ्यात वरचा पारदर्शक थर. आरशांना मला सॅटिन, म्हणजे मंद चमकेचा, काळा हवा होता, त्यालाही लगेच हो. मी निर्धास्तपणे गाडी सोडून घरी आलो.

गाडी ताब्यात दिली ती अंधार पडल्यावर, ट्यूबलाइटखाली. त्या उजेडात मेटॅलिक शेड कुणाचीही जुळते! सकाळी उन्हात बघतो तर बंपर बॉनेटपेक्षा गडद. ‘रंग बसला की होईल सारखा,’ म्हणे. आणि मीही ते ऐकून घेतलं.

दोन महिन्यांनी प्रेशरने गाडी धुताना सापाने कात टाकावी तसा बंपरचा रंग निघाला. तळहाताएवढा पापुद्रा उलटा करून पाहिला. आतली बाजू गुळगुळीत, आणि खाली जुना रंग जसाच्या तसा चकचकीत. म्हणजे वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) फिरवलाच नव्हता. घासून जुनी चमक घालवली नाही तर नवा रंग धरणार कशाला? जिथे खरचटून प्लॅस्टिक उघडं पडलं होतं, तिथे तर नखानेही सुटत होता. बहुतेक बंपर पॉलिप्रॉपिलीनचे असतात, त्यांना खास प्रायमरशिवाय रंग चिकटत नाही.

मग संशय आला म्हणून आरशाच्या कव्हरच्या आतल्या कडेवर थिनरचा बोळा घासला. फडकं काळं! हार्डनर घातलेलं क्लिअर पक्कं वाळलं की असं एका पुसण्यात विरघळत नाही. साध्या स्प्रे कॅनवर काम उरकलं होतं, पैसे टू-केचे. जाब विचारला तर ‘तुम्ही प्रेशर मारलात ना!’ वर सॅटिनवरचा एक ओरखडा पॉलिशने घालवायला गेला आणि तिथे कायमचा चकाकता ठिपका उठवून ठेवला. सॅटिनला पॉलिश चालत नाही, हेही पेंटरला मी सांगायचं का?

दुसऱ्या पेंटरला आधीच अट घातली: घासून झालं की बोलवायचं, प्रायमरनंतर पुन्हा बोलवायचं. घासलेला बंपर सगळीकडून मळकट दुधी दिसत होता, चमक कुठे नावाला नाही. क्लिअर मारून झाल्यावर पेल्यात उरलेलं मी मागून घेतलं. तो हसला, पण दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते काचेसारखं घट्ट झालं होतं, ढवळायची काडी त्यात उभीच्या उभी अडकलेली.