टोब्रुक की लोंगेवाला: टेबल एकच असेल तर कुठलं वाळवंट मांडायचं?

भाच्याने दिवाळीत विचारलं, "मामा, टेबल एकच आहे, सहा बाय चारचं. त्यावर आफ्रिका मांडू की राजस्थान?" छोटे जवान आणि रणगाडे रंगवायचे, टेबलावर रणभूमी मांडायची आणि लढाई खेळायची, हा आमचा छंद. घर बडोद्याच्या दांडिया बाजारातलं, माडीवरची एकच मोठी खोली, आणि ते टेबल रात्री साडेआठला पुन्हा जेवणाचं टेबल व्हायलाच हवं. हे शेवटचं कलम त्याने सहज सांगितलं, पण निम्मा निर्णय त्यातच आहे.

आफ्रिका म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं लिबिया-इजिप्तचं रण, त्यातलं लिबियाचं टोब्रुक. राजस्थान म्हणजे डिसेंबर १९७१ च्या भारत-पाक युद्धातली लोंगेवालाच्या ठाण्यावरची रात्र. दोन्हीकडे वाळवंटच, पण एकासाठी केलेली जमीन दुसऱ्याला चालत नाही. टोब्रुक आणि अल अलामेनच्या भागात लढाया झाल्या त्या बहुतांशी खडकाळ, सपाट पठारावर: चुनखडी, खडे, काटेरी झुडपं आणि नजरेला जेमतेम जाणवणारे उंचवटे. लोंगेवालाला मात्र खऱ्या वाळूच्या टेकड्या आहेत. पाकिस्तानी रणगाडे तिथे रुतले ते उगीच नाही.

इथे बहुतेक जण फसतात, मीही फसलो. वाळवंट करायचं म्हणून बांधकामाची वाळू आणली, फेव्हिकॉलवर भुरभुरवली, आणि लोंगेवालाच्या जागी नदीपात्र तयार झालं. हिशोब साधा आहे. १:७२ च्या प्रमाणात, म्हणजे सगळं खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, एक मिलिमीटरचा कण म्हणजे सात सेंटिमीटरचा दगड, लिंबाहून मोठा. खरी वाळू टेबलावर वाळू दिसतच नाही, ती खडी दिसते. म्हणून टोब्रुकसाठी ती उत्तम: चाळून बारीक-जाड दोन ढीग करा, जाड कण थोडे आणि झुबक्यांनी टाका. थारच्या टेकड्यांसाठी मात्र वाळू नकोच. थर्मोकोलवर भिंतीची पुट्टी ओल्या स्पंजने गुळगुळीत ओढायची आणि वाऱ्याच्या लाटा जुन्या टूथब्रशने उठवायच्या, बस्स. सजावटीच्या थर्मोकोलवर २०२२ मध्ये बंदी आली, पण जुन्या गणपतीच्या मखरातला उरलेला असला तर तो चालतो. त्यावर थेट स्प्रे मारू नका, डब्यातल्या द्रावकाने तो वितळतो. आधी फेव्हिकॉल आणि कागदाचा एक थर चढवा.

टेकडीची दुसरी अडचण उताराची. खऱ्या टेकडीची एक बाजू लांब आणि सावकाश चढते, दुसरी तीस-चौतीस अंशांनी घसरते. तशीच हुबेहूब केलीत तर फोटोत छान दिसते आणि खेळताना सगळे जवान घसरत खाली येतात. घसरती बाजू एक-दोन टेकड्यांनाच द्या, बाकीच्या बुटक्या आणि पसरट ठेवा.

रंगकामात टोब्रुक सोपं, अगदी निःसंशय. खाकी कपडे उन्हाने आणि धुण्याने विटलेले असायचे, त्यामुळे छटा थोडी चुकली तरी कुणी हटकत नाही. फिकट खाकी, वर तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग), मग जवळजवळ पांढरट ड्राय ब्रश (कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर हलका हात). वीस जवान दोन संध्याकाळी. रणगाड्यांवर मात्र वेळ जातो. सुरुवातीचे ब्रिटिश रणगाडे तीन रंगांच्या सरळ कडांच्या पट्ट्यांत रंगवलेले असत, आणि १९४१ च्या फेब्रुवारीत जर्मन आले ते गडद करड्या रंगातच. वाळवंटी रंग नंतर चढला. आणि एक आपलं कारण: जून १९४२ मध्ये टोब्रुकच्या आग्नेय आघाडीवर पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन होती, आणि जर्मन सेनापती रोमेलचा मुख्य घाव २० जूनला तिथेच पडला. दुसऱ्या दिवशी टोब्रुक पडलं. हरलेली बाजू मांडायला ज्यांना आवडतं, त्यांना याहून चांगला विषय नाही.

लोंगेवालासाठी तयार जवान मिळणं हीच कटकट. उत्तर आफ्रिकेचे ब्रिटिश-जर्मन जवान १:७२ मध्येही मिळतात, २८ मिलिमीटरमध्येही (ही जवानाची साधारण उंची). १९७१ चे भारतीय जवान शोधत बसण्यापेक्षा एसएलआर रायफलवाले ब्रिटिश घ्या, एम-सीलची बारीक वळी करून पगड्या बांधा आणि ऑलिव्ह हिरवा रंग द्या. पगडी जमायला पंधरा-वीस डोकी वाया जातात. पाकिस्तानी रणगाड्यांपैकी टाइप ५९ साठी टी-५४ चं किट चालतं, शर्मन तर कुठेही मिळेल.

खेळ म्हणून मात्र मी लोंगेवालाच्या बाजूने आहे, आणि कारण पुन्हा अंकगणित. १:७२ मध्ये सहा फुटांचं टेबल म्हणजे खऱ्या जमिनीवर जेमतेम १३० मीटर. टोब्रुकच्या सपाटीवर रणगाडे शेकडो मीटरवरून एकमेकांना टिपायचे. आपल्या टेबलावर ते लग्नाच्या मांडवात उभे राहिल्यासारखे दिसतात. तिथे १५ मिलिमीटरची किंवा त्याहूनही छोटी फौज बरी. लोंगेवालाला मेजर कुलदीपसिंग चांदपुरींच्या साधारण १२० जवानांनी रणगाडे अगदी जवळ येईपर्यंत मारा रोखून धरला होता. पाकिस्तानी तुकडी काटेरी तारेपाशी सुरुंगांच्या संशयाने थबकली. आपल्या हवाई दलाची हंटर विमानं रात्री लढू शकत नव्हती, म्हणून जैसलमेरहून मदत उजाडल्यावरच आली. म्हणजे खेळाला घड्याळ आपोआप मिळतं: इतक्या डावांत पहाट होणार, तोवर तग धरा. १:७२ चं हंटर टांगायला उत्तरायणाचा उरलेला साधा दोरा पुरतो.

२८ मिलिमीटर घ्यायचं का? चेहरे रंगवायचा शौक असेल तरच. त्याच्या एका रणगाड्याच्या पैशात १:७२ चे सहसा दोन येतात. १:७२ चे जवान मऊ प्लास्टिकचे, रायफल वाकली की रंग सोलतो. आधी साबणाने धुवा, शेवटी पातळ फेव्हिकॉलचा हात द्या. प्रायमरचा (रंगाखालच्या पहिल्या थराचा) स्प्रे पावसाळ्यात बडोद्यात मारूच नका, दमटपणाने पांढरी धूळ बसल्यासारखा होतो. मे महिन्यात उलट, रंग ब्रशवरच वाळतो. त्यावर उपाय: डब्यात ओला स्पंज, वर बटर पेपर, त्यावर रंग.

आता जेवणाच्या टेबलाचं. टोब्रुक गुंडाळता येतं: जाड सुती कापडावर ॲक्रिलिक सीलंट, रंग आणि चाळलेली वाळू कालवून पसरली की वाळल्यावरही ते लवचीक राहतं, सतरंजीसारखं कोपऱ्यात उभं करा. लोंगेवालाला टेकड्या सुट्या ठेवाव्या लागतात आणि पुट्टीचे कोपरे टवके उडून जातात. भाच्याने तरी लोंगेवालाच ठरवलंय. माळ्यावर एकच खोकं ठेवायची परवानगी माझ्या बहिणीने दिली आहे. मोजून पाहिलं, त्यात तीन टेकड्या मावतात.