अडकलेले पैसे सोडवायला गेलो आणि ३४,५०२ रुपये गेले

ऑनलाइन गेममधले पैसे अडकलेत आणि ते सोडवून देतो असं सांगणारा कोणीही भेटला, तर त्याला एक रुपयाही देऊ नका. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं वाचायला प्रत्येकाला वेळ असेलच असं नाही. माझे ३४,५०२ रुपये एका संध्याकाळी गेले. मी ओटीपी दिला नव्हता, लिंक उघडली नव्हती, स्क्रीन शेअर केली नव्हती, बक्षीस लागल्याच्या मेसेजला भुललो नव्हतो. बँका रोज जे जे करू नका म्हणून सांगतात, त्यातलं काहीही केलं नव्हतं. तरी गेले.

कारण या वेळी थाप एका खऱ्या बातमीवर बसवलेली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. तीन दिवसांत विषय संपला. रमी, पोकर, फँटसी, सगळं बंद. बंदी हवी होती की नको यावर लोक अजून भांडतायत, त्यात मी पडत नाही. पण कोट्यवधी लोक ज्या अ‍ॅपवर पैसे ठेवून होते ती अ‍ॅप तीन दिवसांत बंद करताना, त्यांचे पैसे परत कसे मिळणार आणि या गोंधळात चोर कसे घुसणार, हे त्याच दमात मोठ्याने सांगायला नको होतं का? टीव्हीवर चर्चा झाली ती कुठल्या कंपनीचं किती नुकसान होणार आणि क्रिकेट टीमच्या जर्सीवर आता कोणाचं नाव येणार याची.

माझे फँटसी क्रिकेटच्या वॉलेटमध्ये ३८,६४० रुपये होते. इंग्लंड दौऱ्यातल्या कसोट्या संपल्यापासून पडून होते, आशिया कपसाठी ठेवले होते. हे सगळं तेव्हा कायदेशीर होतं. दर मॅचला दर ओव्हरनंतर या कंपन्यांच्या जाहिराती लागायच्या, मोठमोठे खेळाडू त्यात असायचे. मी कर्ज काढून खेळलो नाही, घरखर्चाचे पैसे लावले नाहीत. हे लिहावं लागतंय कारण पुढे ज्याच्या ज्याच्याकडे गेलो त्याने आधी हाच प्रश्न विचारला.

बंदी आल्यावर पैसे काढायला टाकले, तर ‘प्रोसेसिंग’ असं दिसत राहिलं. कंपनी म्हणत होती की पैसे सुरक्षित आहेत. पण एकाच वेळी सगळेच काढायला धावले होते, त्यामुळे रक्कम जागची हलेना. अ‍ॅपमधल्या चॅटवर यंत्र बोलायचं, माणूस नाही. शेवटी वैतागून कंपनीच्या सोशल मीडियावरच्या पोस्टखाली जाहीर तक्रार लिहिली. काही मिनिटांत उत्तर आलं. तोच लोगो, कंपनीचंच नाव आणि पुढे ‘केअर’, शेजारी निळी टिक. ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व, आपला मोबाइल नंबर मेसेज करा.’ केला.

ती निळी टिक आता महिन्याचे पैसे भरून कोणालाही मिळते. पूर्वी ती दिसली की खातं तपासलेलं आहे असा अर्थ होता, आणि आपल्या डोक्यात अजून तोच बसलाय. टिक बघून विश्वास ठेवायचे दिवस गेले.

फोन शनिवारी संध्याकाळी आला, गणपतीचे दिवस, घरात आरतीची तयारी चाललेली. पलीकडचा माणूस शुद्ध मराठीत बोलत होता. ‘सर’ म्हणत होता, घाई करत नव्हता. नवा कायदा कधी आला, त्यात काय आहे, बँकांना या कंपन्यांचे व्यवहार करायला मनाई कशी झाली आहे, सगळं बरोबर सांगत होता. मी सकाळी पेपरात जे वाचलं होतं तेच तो संध्याकाळी मला सांगत होता. मग म्हणाला, तुमची रक्कम ‘लीगल होल्ड’वर आहे, केवायसी पुन्हा करावी लागेल, ४९९ रुपये. एवढ्या रकमेसाठी ४९९ म्हणजे काहीच नाही असं कोणालाही वाटेल. त्यांनी आकडा त्यासाठीच तेवढा ठेवलेला असतो.

मग २८ टक्के जीएसटी, १०,८१९ रुपये. मग ३० टक्के टीडीएस, ११,५९२ रुपये. कॅल्क्युलेटर काढून पाहिलं, टक्केवारी रुपयापर्यंत बरोबर. दोन्ही दर खरे होते. आणि इथेच गळा आवळला गेला, कारण दर खरे असले तरी ते लागायची जागा खोटी होती. २८ टक्के जीएसटी १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू होता तो आपण पैसे भरतो त्यावर, काढतो त्यावर नाही. आणि टीडीएस तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम १९४बीए खाली लागत होता तो निव्वळ जिंकलेल्या रकमेवर, पूर्ण शिल्लकीवर नाही. शिवाय तो कंपनीच कापायची. वर्षभरात मी जेवढे घातले होते तेवढे जिंकलोच नव्हतो, म्हणजे माझा टीडीएस शून्य होता. हे अ‍ॅपवर खेळणाऱ्या किती जणांना माहीत आहे? कुठल्या जाहिरातीत सांगितलं होतं?

आता ते सांगतो ज्याने मला अजून झोप लागत नाही. टीडीएसचं ऐकल्यावर मी त्याला म्हणालो होतो, ‘अहो, टीडीएस तर कापून घेतात ना? माझ्या पगारातून दर महिन्याला कापतात. तुम्ही माझ्याच पैशांतून कापा आणि उरलेले पाठवा.’ हे वाक्य माझ्या स्वतःच्या तोंडचं आहे. पूर्ण फसवणूक त्या एका वाक्यात उघडी पडलेली होती. तो क्षणभरही अडखळला नाही. म्हणाला, ‘बरोबर आहे सर, आधी तसंच होतं, पण नव्या कायद्यानंतर वॉलेटला हात लावायची आम्हाला परवानगीच नाही.’ कायदा आठ-दहा दिवसांचा, नियम कोणाला ठाऊक? मी मान्य केलं. बाहेरून आरतीला हाका येत होत्या आणि मी आतल्या खोलीत पिन टाकत होतो.

फसवणूक दिसायला हवी होती अशी दुसरी जागा पिन टाकायच्या आधीची. यूपीआयवर पैसे पाठवताना समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नाव दिसतं. तिथे कंपनीचं नाव नव्हतं, कुठल्याशा ट्रेडर्सचं होतं. मी विचारलंही. ‘सर, कंपनीची खाती बंद आहेत, म्हणून पेमेंट पार्टनरकडून घेतोय.’ बँकांना मनाई झाल्याचं मी वाचलेलंच होतं, त्यामुळे हेही पटलं. प्रत्येक शंकेला त्यांच्याकडे बातमीतूनच उचललेलं उत्तर तयार होतं. म्हणून सांगतो, उत्तर कितीही पटलं तरी नाव जुळत नसेल तर व्यवहार तिथेच सोडा. त्या नावाशी वाद घालता येत नाही.

पुढे म्हणे रिमार्कमध्ये आयडी टाकला नाही म्हणून टीडीएस लटकला, पुन्हा भरा, पहिला २४ तासांत परत येईल. आणखी ११,५९२. त्यानंतर ‘एनओसी’चे १५,००० मागितले तेव्हा मी थांबलो. फोन बंद झाला. मेसेज तर माझ्या डोळ्यांदेखत एकेक करून डिलीट होत गेले. स्क्रीनशॉट बोलणं चालू असतानाच काढून ठेवा, नंतर हातात काही उरत नाही.

लगेच १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावला. बराच वेळ संगीत आणि मग कट, पुन्हा संगीत. शेवटी लागला तेव्हा पलीकडच्या ताईंनी नीट ऐकून घेतलं, प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी नंबर विचारला, पोच दिली. पूर्ण प्रकरणात माझ्याशी माणसासारखं बोललेली ती एकच व्यक्ती. हे बारा आकडे यूपीआयच्या पावतीवर असतात, फोन लावण्याआधी कागदावर लिहून घ्या, नाहीतर शोधण्यात वेळ जातो आणि तेवढ्यात पैसा चार खाती ओलांडून जातो.

बँकेत मॅडम म्हणाल्या, ‘पिन तुम्हीच टाकलाय, म्हणजे व्यवहार अधिकृत आहे.’ रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक दाखवलं, तर म्हणाल्या ते ग्राहकाच्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी आहे. म्हणजे चोराने पिन चोरला तर संरक्षण, आणि चोराने खोटं बोलून माझ्याच हाताने दाबून घेतला तर मी जाणे आणि माझं नशीब. आज कितीतरी फसवणूक दुसऱ्या प्रकारे होते आणि तेव्हाचा नियम पहिल्या प्रकारावर थांबलेला होता. बरं, ज्या बँकेत ते ट्रेडर्सचं खातं आहे तिने केवायसी करूनच खातं उघडलं असेल ना? माझ्याकडून दर थोड्या वर्षांनी आधार, पॅन, फोटो मागतात. त्या खात्याच्या मालकाला कोणी समोर उभं केलं? त्या बँकेला ईमेल केला, उत्तर आलं की तुम्ही आमचे ग्राहक नाही, माहिती देता येणार नाही. चोर त्यांचा ग्राहक आहे, म्हणून गुप्तता त्याला.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, ‘किती?’ चौतीस हजार ऐकून साहेबांनी पेनसुद्धा उचललं नाही. ‘लोकांचे चाळीस-चाळीस लाख जातायत इथे.’ दुसरा प्रश्न, ‘जुगार खेळता आणि वर तक्रार करता?’ बाकावर आणखी चार लोक बसलेले, सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी तिथे गप्प बसलो, म्हणून इथे लिहितो. नव्या कायद्यात शिक्षा आहे ती असा खेळ चालवणाऱ्याला, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्यालाही आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. आणि मी तर खेळतही नव्हतो, स्वतःचे पैसे काढत होतो. तुम्हालाही कोणी हे ऐकवलं तर तिथल्या तिथे सांगा. या एका प्रश्नाच्या लाजेने किती जण ठाण्याची पायरीच चढत नसतील, आणि चोरांचा धंदा त्याच लाजेवर चाललाय.

मग हद्दीचा खेळ. ठाणं म्हणे सायबर सेलला जा, सायबर सेल म्हणे सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवलीय ना, वाट बघा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यायची. कलमाचं नाव काढल्यावर ‘वकील आहात का?’ असं विचारलं गेलं. अर्जावर शिक्का मिळाला, एफआयआर नाही. शिक्क्याची प्रत मात्र हट्टाने घ्या, पुढे प्रत्येक जण ती मागतो.

पैशांपैकी ४,२१० रुपये कुठल्याशा खात्यात गोठवले आहेत. गोठवले म्हणजे मिळाले नाहीत. त्यासाठी त्याच संहितेच्या कलम ५०३ खाली कोर्टात अर्ज करून आदेश आणायला मला सांगितलं गेलं. ज्या वकिलांना विचारलं त्यांची फी यापेक्षा जास्त आहे. माझेच पैसे, कोणाकडे आहेत तेही माहीत आहे, आणि ते परत मागायला मीच खर्च करायचा.

कंपनीचं उत्तर छापील होतं, ‘त्या खात्याशी आमचा संबंध नाही.’ संबंध नसेल, मान्य. पण ते खोटं खातं त्यांच्याच पोस्टखाली, तक्रार करणाऱ्या प्रत्येकाला तेच उत्तर चिकटवत होतं. एक माणूस बसवून ती उत्तरं काढून टाकता आली नसती? १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, तिथून ती कंपनीकडे गेली, कंपनीने तेच छापील उत्तर दिलं आणि तक्रार ‘निकाली’ निघाली. ज्या सोशल मीडियावर हे घडलं तिथे खातं रिपोर्ट केलं, तर ‘आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही.’ दुसऱ्याचा लोगो लावून लोकांना लुटणं कुठल्या नियमात बसतं ते त्यांनी एकदा लिहून द्यावं.

आणि माझे मूळ ३८,६४० रुपये? काही दिवसांनी आपोआप खात्यात आले. पूर्ण. एक रुपया कापला गेला नाही, कोणाला फोन करावा लागला नाही. मी नुसता बसून राहिलो असतो तरी आले असते.

पोर्टलवर तक्रार केल्यावर दुसराच धोका सुरू होतो, तो कोणी सांगत नाही. मला ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमची गोठवलेली रक्कम सोडवायची फी भरा’ असा फोन आला. सरकारी खातं यूपीआयवर अशी फी घेत नाही. लगेच ठेवून द्या.

बँकेला लेखी तक्रार देऊन तीस दिवस झाले की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, पैसे लागत नाहीत. मी गेलोय, माझ्या बँकेविरुद्ध आणि खातं उघडणाऱ्या त्या बँकेविरुद्धही. कंपनीशी बोलायचं असेल तर अ‍ॅपच्या आतूनच बोला, नंबर सर्चमध्ये शोधू नका, जाहीर पोस्टखाली उत्तर देणाऱ्याला नंबर देऊ नका. आणि असंच खातं, असाच ‘टीडीएस आधी भरा’वाला फोन कोणाला आला असेल आणि पैसे गेले असतील, तर रक्कम लहान आहे म्हणून सोडू नका. १९३० वर नोंदवा, ज्या यूपीआय आयडीवर पैसे गेले तो अक्षर न अक्षर तक्रारीत लिहा. ‘एकट्या चौतीस हजारांसाठी कोण फाइल उघडणार?’ असं मला तोंडावर सांगितलंय. एकाच खात्यावर दहा तक्रारी जुळल्या तर तेच साहेब ती उघडतील.