तिसऱ्या भागाचं समाधान: ‘मॅट्रिक्स’ की ‘एप्स’?

ठाण्यात तलावपाळीवर ‘मॅट्रिक्स’ आणि ‘एप्स’ या चित्रपटमालिकांपैकी कुणाचा तिसरा भाग जास्त समाधान देतो, हा वाद निघाला की भेळ संपते, वाद संपत नाही. ‘मॅट्रिक्स रिव्होल्युशन्स’ (2003) दुसऱ्या भागामागोमाग सहा महिन्यांत आला. झायन या माणसांच्या शेवटच्या शहराची लढाई दणदणीत, पण तेवढा वेळ नायक निओ जवळजवळ गायबच. शेवटी यंत्रांशी तह होतो आणि आधी उभे केलेले प्रश्न लोंबकळत राहतात. ‘वॉर फॉर द प्लॅनेट ऑफ द एप्स’ (2017) मध्ये लढाई कमी, वानरांचा नेता सीझर जास्त. सूडाने पेटलेला सीझर शत्रुसैन्याच्या प्रमुखावर, कर्नलवर, पिस्तूल रोखतो आणि तरीही चाप ओढत नाही. सीझर साकारणाऱ्या अँडी सर्किसचे डोळे बघा तिथे! आधीच्या दोन भागांचे पैसे त्या एका प्रसंगात वसूल. (पुढे ‘एप्स’चा चौथाही आला, तो वेगळा हिशेब.) एकच बघायचा तर सीझरचा बघा, निओसाठी पहिलाच भाग पुन्हा लावा.