एमजीबी ऑनलाइन घेतली, काही महिने चालवली : पंपाच्या टिकटिकीसकट अनुभव

माझी एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, चढावर दोन आचके देऊन बंद पडली, म्हणून आज लिहायला बसलोय, नाहीतर हे पुढच्या वर्षावर गेलं असतं. टाकीत पेट्रोल होतं, बॅटऱ्या ठीक होत्या, स्पार्कही येत होता. पण चावी फिरवल्यावर मागून जी टिकटिक यायला हवी, ती येत नव्हती. टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणाऱ्या एसयू कंपनीच्या इलेक्ट्रिक पंपाचे पॉइंट, म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे संपर्क, चिकटले होते. गाडीच्या पोटाखाली हात घालून स्पॅनरने पंपाला दोन टपल्या मारल्या आणि गाडी चालू झाली. एमजीबीवाले हसतील, त्यांना हे रोजचंच. माझा राग पंपावर नाहीच, व्हिडिओवर आहे.

गाडी १९७२ची रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची, ऑनलाइन लिलावातून घेतलेली. विकणाऱ्याने फोटोंचा पाऊस पाडला होता: डॅशबोर्ड, डिकी, स्टेअरिंगची शिलाई, सगळं. व्हिडिओही होता, आणि त्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत गिटार! इंजिन चालू होताना गिटार, गिअर टाकताना गिटार. जुन्या गाडीचं निम्मं दुखणं कानाला कळतं, आणि हा बाबा नेमका आवाजच झाकून ठेवतो. चांगला पंप चावी फिरवल्यावर भराभर टिकटिकतो, कार्ब्युरेटर भरले की गप्प होतो. इंजिन बंद असताना टिकटिकतच राहिला तर कुठेतरी पेट्रोल गळतंय, हवा शिरतेय, नाहीतर कार्ब्युरेटर भरल्यावर पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई बसत नाही. दहा सेकंदांची शांतता दिली असती तर हे सगळं फुकटात कळलं असतं.

कागदांची बाजू मात्र ऑनलाइन व्यवहारातच नीट झाली, हे कबूल. चासी नंबराच्या पट्टीचा फोटो आधी मागवला, जीएचएन५ने सुरू होणारा नंबर नोंदणीच्या कागदाशी ताडून पाहिला. ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट निघतं. त्यात कारखान्यातून निघतानाचा रंग आणि इंजिन नंबर असतो. दोन्ही जुळले. आणखी एका गाडीवर डोळा होता. तिथे भाव संशय यावा इतका कमी, मालक परदेशात, आणि ‘पैसे या एस्क्रो कंपनीकडे (व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणारा तिसरा पक्ष) ठेवा’ म्हणून त्यानेच लिंक पाठवलेली. अशा वेळी पुढे एक अक्षर बोलू नये. एस्क्रो चांगलीच, पण ती आपण निवडलेली आणि आपण तपासलेली हवी. विकणाऱ्याच्या लिंकवरची साइट त्याच्याच घरची असू शकते.

पाहणीसाठी त्रयस्थ माणूस पाठवला. फी देताना जीव कासावीस झाला, पण खालचा पत्रा फोटोत दिसत नाही त्याला काय करणार. एमजीबीला वेगळी चासी नाही, गाडीचा भार सिलवर, म्हणजे दारांखालच्या पत्र्याच्या पोकळ पट्ट्यांवर, असतो, आणि तिथे बाहेरचा, आतला आणि मधला असे पत्र्याचे थर आहेत. बाहेरून नवा पत्रा ठोकून आतला गंज तसाच ठेवणारे महाभाग कमी नाहीत: वरून कीर्तन, आतून तमाशा. त्या माणसाने रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये मोजली, पुट्टी शोधली, जॅक लावून दाराच्या फटी बदलतात का तेही पाहिलं. सिल ठणठणीत निघाले. फी वसूल. फक्त पानंच्या पानं भरलेल्या त्या अहवालात पंपाबद्दल एक ओळ नव्हती!

चार महिन्यांपूर्वी लिहिलं असतं तर ‘जुन्या गाड्यांच्या शोला जा, गाडी हाताने चाचपा, मगच घ्या’ असं ठणकावून सांगितलं असतं. घेतल्यानंतर हौशी मंडळींच्या मेळाव्यांना जायला लागलो आणि मत हललं. शोमधली गाडी घासूनपुसून, मेण लावून येते. इंजिनाखाली तेलाचा थेंब दिसत नाही, कारण सकाळीच धुतलेलं असतं. शिवाय ती चालवत आणलेली, म्हणजे गरम. थंड इंजिन चोक ओढून कसं उठतं, पहिल्या धुराचा रंग काय, ऑइल प्रेशर किती चढतं, हे तिथे कळायचा मार्ग नाही. गर्दीत जॅक लावू देत नाहीत, चालवू देणं तर दूरच. आणि मालक शेजारी खुर्ची टाकून बसलेला असताना बंपरखाली डोकं घालायची भीड वाटते ती वेगळीच. ऑनलाइन भीड नसते. मी रात्री अकराला बॅटरीच्या खणाचा फोटो मागितला होता. सीटमागे दोन सहा व्होल्टच्या बॅटऱ्या असतात, तो खण हमखास सडतो. विकणाऱ्याने कुरकुरत का होईना पाठवला.

म्हणून शो फुकट गेले असं नाही. गाडी तिथे घेऊ नये, माणसं गाठावीत. क्लबवाल्यांच्या कोपऱ्यात एका आजोबांनी बॉनेट उघडून कार्ब्युरेटर कसे जुळवायचे ते दाखवलं आणि वर सांगितलं की पॉइंट घासून पंप थोडे दिवसच चालेल. मी अर्थातच घासले. बारीक पॉलिश पेपर घरात पडलेला होता, नव्या पंपाला पैसे पडतात. परवाच्या चढापर्यंत चालला. आता पॉइंट नसलेला इलेक्ट्रॉनिक प्रकारचा पंप मागवलाय. तोही टिकटिकतो म्हणे, तेवढं बरं.

मला आज पुन्हा घ्यायची झाली तर ऑनलाइनच घेईन, पण एका अटीवर. रात्रभर उभ्या गाडीचा, चावी फिरवण्यापासून इंजिन स्थिर होईपर्यंतचा, एकही कट नसलेला आणि संगीत नसलेला व्हिडिओ हवा. त्याच्या सुरुवातीला बॉनेटवर हात ठेवून दाखवायचा, इंजिन थंड असल्याची खूण म्हणून. विकणारा नाही म्हणाला तर बोली नाही, फोटो कितीही देखणे असोत.

बाकी गाडीबद्दल तक्रार नाही. १,७९८ सीसीचं इंजिन साधं आहे आणि भाग सहज मिळतात, पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या त्याचा हा फायदा. ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारी गिअरची जोड) तेवढा तिसऱ्या गिअरला कधी लागतो, कधी नाही. वायरिंगवर संशय आहे. पंप बसला की तिकडे वळतो.