दोन फुटी की तीन फुटी? खान्देशच्या उन्हाळ्यात टिकणारा फिश टँक

नवा टँक घ्यायला निघालेला माणूस बहुतेक वेळा दोन जोड्यांपाशी येऊन थांबतो. एक म्हणजे दोन बाय एक बाय एकचा टँक आणि त्याच्या काठावर लटकणारा हँग-ऑन फिल्टर. दुसरी म्हणजे तीन फूट लांब, दीड फूट उंच टँक, आत स्पंज फिल्टर (बुडबुड्यांच्या ओढीने पाणी स्पंजातून गाळणारा) आणि बाहेर त्याला हवा पुरवणारा एअर पंप. आमच्या घरी दोन्ही चालू आहेत. पुण्या-मुंबईकडच्या मित्रांचे सल्ले चांगलेच असतात, पण जळगाव-भुसावळचा मे महिना त्यांत धरलेला नसतो, म्हणून हे लिहितो आहे.

पाणी नितळ ठेवण्यात हँग-ऑन फिल्टर सरस आहे, हे आधीच सांगतो. कचरा लवकर ओढतो, धुवायला सोपा, टँकमधली जागा अडवत नाही. स्पंज फिल्टर दिसायला काही खास नाही. मागच्या कोपऱ्यात एखादं रोप लावून तो झाकावा लागतो, आणि एअर पंपाची घरघर रात्री ऐकू येते. आठ-नऊ महिन्यांचाच विचार केला, तर मी कोणालाही हँग-ऑनच घ्या म्हणेन.

पण एप्रिल लागला की चित्र पालटतं. पारा ४४-४५ वर, हवा कोरडी ठणठणीत. अशा हवेत पाणी भराभर उडतं. टँक गार राहावा म्हणून पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला तर पाणी खरंच निवतं (कोरड्या हवेचा तेवढा एक फायदा), पण पातळी आणखी वेगाने उतरते. इथपर्यंत ठीक. मग लाइट जाते. हँग-ऑन फिल्टरच्या डब्यातलं पाणी हळूहळू टँकमध्ये परततं. लाइट आली की मोटर सुरू होते, पण पातळी खाली गेलेली असल्यामुळे तिला पाणी वर ओढता येत नाही. ती नुसती गुरगुरत कोरडी फिरत राहते. मगभर पाणी डब्यात ओतलं की लगेच चालू होतो, काम अर्ध्या मिनिटाचं आहे. प्रश्न एवढाच, की ते ओतायला घरी कोण असतं? एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. एक लग्न चोपड्याला, दुसरं अमळनेरला, घराला दिवसभर कुलूप. सगळ्या हँग-ऑनचं असं होत नाही. मोटर पाण्यात बुडालेली असते ती मॉडेल बरी वागतात म्हणे. माझ्याकडच्याने मात्र उन्हाळाभर हाच त्रास दिला, आणि माझा कौल इथेच ठरला.

स्पंज फिल्टरला पातळीशी फारसं देणंघेणं नाही. लाइट आली की बुडबुडे आपोआप सुरू. एअर पंप मोजक्या वॅटवर चालतो, त्यामुळे घरच्या इन्व्हर्टरवर टाकला तरी भार जाणवत नाही. दुसरं असं, की माशांच्या विष्ठेतून होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरच्या मीडियातच (म्हणजे पाणी गाळणाऱ्या स्पंजासारख्या भागातच) राहतात आणि त्यांना सतत प्राणवायू लागतो. बंद पडलेल्या डब्यात ते गुदमरतात. स्पंज टँकच्या पाण्यातच असल्यामुळे तिथे जास्त तग धरतात. तापलेल्या पाण्यात मुळात प्राणवायू कमी असतो: २५ अंशांना लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम, ३५ ला ७ च्या आसपास. माशांची गरज मात्र उष्णतेबरोबर वाढते. दुपारची लाइट जाते तेव्हा हे दोन्ही एकदम येतं. पंप मात्र पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा, नाहीतर लाइट गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं.

आता आकार. दोन फुटीत काठोकाठ भरलं तर ५६ लिटर मावतं, एक फूट रुंद तीन फुटीत १२७. पाणी उडून पातळी दोन्हींत जवळपास सारखीच उतरते, पण फूटभर खोलीतून बोटभर जाणं आणि दीड फुटातून बोटभर जाणं यांत फरक आहे. दुपारी चारला दोन फुटीत हात घातला तर पाणी कोमट लागतं; तीन फुटी तितका तापेपर्यंत संध्याकाळ होते आणि खोली निवायला लागते. थर्मामीटरचे आकडे मी देत नाही, पण मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात ते दोन फुटीतच दिसतात.

तीन फुटीचं वजन विसरू नका. पाणी, काच, वाळू मिळून दीडशे किलोच्या वर जातं. लोखंडी स्टँड हवा, आणि एकदा भरला की तो हलवायचा नाही. बदलीची नोकरी असेल किंवा भाड्याच्या घरात वरच्या मजल्यावर राहत असाल, तर दोन फुटीच घ्या, पण हँग-ऑनऐवजी स्पंज लावून. त्यात गप्पी, मॉली, गुरामी ठेवा. गुरामी पृष्ठभागावर येऊन हवेतूनही श्वास घेतो, आणि मॉली-गप्पींना आपलं बोअरचं जड पाणी मानवतं. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा. दोन फुटीत आणि आपल्या उन्हाळ्यात त्याचे हाल होतात.

उडालेलं पाणी भरून काढायला दर वेळी बोअरचं वापरू नका. वाफ होते ती पाण्याची, क्षार मागेच राहतात. काचेवर पांढरी रेघ धरते ती त्यांचीच. वरची भर घरच्या आरओच्या गाळलेल्या पाण्याने घाला, आणि आठवड्याच्या पाणीबदलाला बोअरचं चालेल. हीटर डिसेंबर-जानेवारीपुरता लागतो, लिटरला साधारण एक वॅट धरा.

टँक दिवाळीच्या सुमारास लावलात तर उत्तम. जिवाणू बसायला चार-सहा आठवडे लागतात, थंडीत थोडे जास्तच, आणि होळीच्या आत स्पंज पुरता तयार झालेला असतो.